किसनरावांच्या वाट्याचं भाषण

पिंपळगाव राजात माणूस मेला की दोन गोष्टी ठरलेल्या असत. त्याला स्मशानातल्या टिनाच्या शेडखाली नेणार, आणि तिथं गुलाबराव बोलणार. पहिल्या गोष्टीबद्दल मेलेल्याची कधी तक्रार आली नाही. दुसरीबद्दल जिवंत माणसांची होती, पण ती बोलून दाखवायची सोय नव्हती. चितेला अग्नी दिल्यावर श्रद्धांजलीची भाषणं झाल्याशिवाय कोणी घरी जात नाही, आणि भाषण चालू असताना उठून जाणं म्हणजे मयताच्या घराशी जन्माचं वैर घेणं. त्यामुळे माणसं सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून टोपीनं वारा घेत राहत आणि गुलाबराव विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करत. मयताचं नाव यायला फार वेळ लागे. एकदोनदा ते चुकीचंही आलं होतं.

गुलाबराव एकेकाळी गावच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. तेही एकच टर्म. पुढच्या निवडणुकीत गावानं त्यांना खुर्चीवरून उठवलं, पण माईकपासून उठवायचं राहून गेलं. तेव्हापासून लग्न, साखरपुडा, वास्तुशांती, शाळेचं स्नेहसंमेलन, जिथं म्हणून स्पीकर लागेल तिथं अध्यक्षसाहेब हजर. पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, खिशाला दोन पेनं. मंगलाष्टकांच्या आधी ते 'दोन शब्द' बोलायला उभे राहिले की नवरदेवाच्या तोंडावरची पावडर घामानं वाहायला लागे आणि भटजी मुहूर्ताबद्दल बोलायचं सोडून देत.

त्यांचं भाषण शेवटपर्यंत ऐकणारा माणूस गावात एकच, किसनराव. शाळेपासूनचा दोस्त. बायको वारलेली, एकुलती मुलगी पुष्पांजली गावातच दिलेली. हृदयात दोन ठिकाणी जाळ्या बसवलेल्या आणि कानाला ऐकायची मशीन. गुलाबराव माईकसमोर गेले की किसनराव पहिल्या रांगेत बसून कानातली मशीन काढत, तिच्याशी काहीतरी खुडबुड करत आणि मग हनुवटी वर करून शांतपणे बघत राहत. गावातल्या पोट्ट्यांना याचा अर्थ पाठ होता. "बुढ्यानं बंद केली मशीन," असं म्हणून ते एकमेकांना कोपरखळ्या मारत. अख्ख्या गावाला किसनरावांचा हेवा वाटे.

हे असंच चाललं असतं, पण मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात विपरीत घडलं. गुलाबराव संसाराच्या दोन चाकांपर्यंत आले होते. अजून पहिलंच चाक चालू होतं. तेवढ्यात त्यांच्या ओटीपोटात अशी काही कळ आली की त्यांनी टेबलाची कड धरली. लघवीला जाऊन त्यांना फारसा वेळ झाला नव्हता. त्यांनी एक वाक्य रेटून पाहिलं. दुसरं रेटता येईना. "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," असं म्हणून ते माईक तसाच सोडून मंडपाच्या मागे धावले.

मंडपात क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. भटजींनी स्वतः टाळ्या वाजवल्या. मंगलाष्टकं मुहूर्तावर झाली, आणि असं लग्न आपण जन्मात पाहिलं नाही असं म्हातारी माणसं म्हणाली.

पुढच्या मयतीलाही तेच झालं. त्याच्या पुढच्या साखरपुड्यालाही. कळ आली की धीर धरवत नसे, आणि जाऊन पाहावं तर चहाच्या कपभरही होत नसे. इकडे गावात गुलाबरावांचं नाव असं वाढलं की विचारू नका. थोडक्यात बोलतात, पण मोलाचं बोलतात. पार उंद्री गावापासून बोलावणी आली. जो तो म्हणे, आता खरे वक्ते झाले. गुलाबराव मात्र घरी येऊन गप्प बसत. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कधी वाक्य अर्धं सोडलं नव्हतं, त्याच्या पोटात अर्धी भाषणं साचून राहिली होती. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, आणि लोक त्यांचं अभिनंदन करत होते.

किसनरावांनी त्यांना एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर गाठलं.

"गुलब्या, तू आजकाल लवकर आटपून राह्यला. काऊन बे?"

"गाव खूश आहे."

"गावाचं मसनात जाऊ दे. मी विचारून राह्यलो."

गुलाबरावांनी इकडेतिकडे पाहून सगळं सांगितलं. मशीन असूनही थोडं मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळे टपरीवाल्यानंही ऐकलं. किसनराव बराच वेळ बशी फिरवत राहिले.

"म्हनजे मी मेलो त्या दिवशीबी तू असाच मंधातून पयशील?"

"अरे, असं कायले बोलतं?"

"बोलतो. माह्या छातीचं काही खरं नाही, डॉक्टरनं सांगेल आहे. माह्यावर पोटभर बोलजो, गुलब्या. बाकीचे बसो नाही तर जावो. मी काही उठून जात नाही."

गुलाबरावांनी किसनरावांच्या गुडघ्यावर हात ठेवून शब्द दिला. आता हा शब्द पाळायचा म्हणजे आधी लघवीची पिशवी ताळ्यावर आणायची होती. वक्त्यावर अशी वेळ क्वचितच येते.

त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी सुवर्णा फार्मसीच्या कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीला घरी आली होती. रुखमाबाईंनी, म्हणजे गुलाबरावांच्या बायकोनं, तिला स्वयंपाकघरात बसवून भरल्या वांग्याची भाजी वाढली आणि लाजत लाजत नवऱ्याचं दुखणं सांगितलं. भाजीवर तेलाचा बोटभर थर होता. वऱ्हाडात भाजीवर तेल दिसलं नाही तर पाहुणे घरची परिस्थिती विचारतात. सुवर्णानं त्या तर्रीकडे पाहिलं आणि तिला तिचे उंदीर आठवले.

"मोठेबाबा, आमच्या कॉलेजात सध्या हेच चालू आहे," ती म्हणाली. "उंदरांना कितीतरी आठवडे चरबीचं खाणं द्यायचं. त्यांचं कोलेस्टेरॉल वाढवायचं. मग पिंजऱ्याखाली कागद ठेवायचा आणि त्यावर लघवीचे डाग किती पडतात ते पाहायचं."

"आन याच्यासाठी तुह्या बापानं वावराचा तुकडा इकला?"

"ऐका ना. साधं खाणाऱ्या उंदराचे डाग थोडे आणि मोठे. तुपकट खाणाऱ्याचे भाराभर आणि बारके. त्याच्या पिशवीला रक्त कमी पोचते, तिचा स्नायू चिडचिडा होते, आणि पिशवी भरायच्या आधीच ती बोंबलते."

रुखमाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "बारके डाग," त्या नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या.

गुलाबराव भडकले. "सोसायटीच्या माजी अध्यक्षाले तू उंदराच्या रांगेत बसवून राह्यली?"

"उंदरात दिसलं म्हणजे माणसात तसंच असतं असं नाही मोठेबाबा. पण एकदा तपासून घ्या. साखर, प्रोस्टेट, कोलेस्टेरॉल, सगळं."

दोन दिवस ते उंदरांवर तोंडसुख घेत राहिले. तिसऱ्या दिवशी गुपचूप खामगावला गेले. साखर नव्हती. प्रोस्टेट वयाच्या मानानं बरी होती. कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून मात्र डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. उंदरांचं ऐकून ते हसले. म्हणाले, दोन्हीचा संबंध मी छातीठोक सांगणार नाही, पण तेल-तूप कमी करून कोणाचं वाईट झालेलं ऐकलं नाही. दोन गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, आणि कळ आली की लगेच धावायचं नाही, थोडं थांबायचं, रोज थोडं जास्त थांबायचं, अशी सवय सांगितली.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा केला तो सुवर्णाच्या उत्साहानं. बचत गटाच्या बैठकीत गटाच्या अध्यक्ष सिंधूताईंनी तिला 'आरोग्यावर चार शब्द' बोलायला लावलं. रक्तात मोठेबाबांचा गुण होताच. तिनं उंदीर सांगितले, चरबी सांगितली, कागदावरचे डाग सांगितले. नाव कोणाचं घेतलं नाही, पण टपरीवाल्याची बायको गटात होती. दिवेलागणीपर्यंत हा अभ्यास गावभर झाला आणि होता होता त्याचा अर्थ एवढाच उरला की तेलकट खाल्लं की भाषण आखूड होतं.

सिंधूताईंच्या मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं. त्यांनी गोकुळ आचाऱ्याला बाजूला घेतलं.

मंडपात गुलाबराव पोचले तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची, वेगळं टेबल आणि ताटलीभर मिरचीभजे तयार होते. गोकुळ स्वतः हात जोडून उभा. "अध्यक्षसाहेब, बाकीच्याइले नंतर. पहिला मान तुमचा."

गुलाबरावांना डॉक्टर आठवले. पण अख्खा मंडप उपाशी असताना एकट्याला भजे मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. सोसायटीत असतानाही त्यांना असा मान मिळाला नव्हता. त्यांनी एक खाल्लं. मग मान राखायचा म्हणून सगळे खाल्ले. मिरचीनं तोंड पोळलं तेव्हा गोकुळनं ताकाचे दोन गिलास पुढे केले. भाषण पाच-सहा वाक्यांत आटपलं. सिंधूताईंनी सुवर्णाच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

सुवर्णा जीव तोडून सांगत होती की उंदरांना आठवडेच्या आठवडे लागतात, ताटलीभर भज्यांनी अर्ध्या तासात काही होत नसतं, हा सगळा ताकाचा प्रताप आहे. पण गावानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे तर चालच पडली. लग्न असो, तेरवी असो, अध्यक्षसाहेबांची ताटली आधी निघे. कुठं भजे, कुठं तुपात बुडवलेला रोडगा, कुठं कचोरी, आणि वरून ताक किंवा चहा. गुलाबराव घरी दुधीची भाजी तोंड वाकडं करून खात आणि बाहेर मान खात. औषध चालू होतं आणि दुखणंही जोरात होतं. आपण एवढं पथ्य पाळूनही गुण का येत नाही, याचा त्यांना प्रामाणिकपणे अचंबा वाटत होता.

शेवटी रुखमाबाईंनाच राहवलं नाही. सिंधूताईंनी हसत हसत त्यांना सांगून टाकलं होतं.

"अवो, तुम्हाले भजे कायले वाढतात, ठाव आहे का?"

"मान आहे."

"मान नाही. लवकर उठले पाह्यजे म्हनून."

त्यांनी सगळं सांगितलं. गुलाबराव ऐकत राहिले. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिले. गाव आपल्याला कंटाळतं हे त्यांना अगदीच माहीत नव्हतं असं नाही. पण कंटाळा वेगळा, आणि गावानं मिळून माणसाला पिंजऱ्यात ठेवून चारणं वेगळं. त्यांना लहान मुलासारखं अपमानित वाटलं.

"तुलेबी असंच वाटते का? मी लय बोलतो म्हनून?"

रुखमाबाईंनी थोडा विचार केला. "माह्या भावाच्या लग्नात तुम्ही बोलत होते, तवा भात गार झाला होता," त्या म्हणाल्या. त्या भावाची मुलं आता कॉलेजात होती.

त्या दिवसापासून गुलाबरावांनी बाहेरचा घास सोडला. कार्यक्रमाला जाताना ते दुधीचा डबा बरोबर नेऊ लागले. गोकुळ ताटली घेऊन आला की त्याच्यासमोरच डबा उघडत. रोज फाट्यापर्यंत चालत. आणि कळ थोपवायची सवय लागावी म्हणून संध्याकाळी गोठ्यात जाऊन म्हशीसमोर भाषण करत. म्हैस रवंथ करत ऐके. तिच्यासमोर त्यांनी किसनरावांच्या श्रद्धांजलीचं भाषण बांधायला घेतलं. या खेपेला विश्वाची उत्पत्ती गाळली. सुरुवात शाळेच्या पटांगणापासून केली. एकाच सायकलवर दोघं खामगावला जायचे ते घेतलं, किसनच्या बायकोच्या आजारपणातली त्याची सेवा घेतली. एका ठिकाणी त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि म्हशीनं मान वर केली.

किसनरावांना हे कळायला वेळ लागला नाही. एका संध्याकाळी ते काठी टेकत गोठ्याच्या दारात आले.

"ऐकव मले."

"काय?"

"जे म्हशीले ऐकवून राह्यला ते. मशीन लावून आलो आहे मी."

"येडा झाला का बे? जिवंत मानसाले श्रद्धांजली ऐकवतात का? अपशकून असतो."

"मग मेल्यावर ऐकू येते का?"

"तुले जिवंतपनीबी कुठं धड येते?" गुलाबराव हसून म्हणाले आणि विषय बदलला. खरं तर त्यांना लाज वाटत होती. इतकी वर्षं त्यांनी हजार माणसांबद्दल बोलायचं ते बोलून टाकलं होतं, पण हे भाषण खरं होतं, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याच्या तोंडाकडे बघत ते म्हणायचं म्हणजे फार अवघड. "अजून तयार नाही झालं," ते म्हणाले. "होऊ दे, मग पाहू." किसनराव थोडा वेळ म्हशीजवळ उभे राहिले आणि निघून गेले.

दिवाळीनंतर गुलाबरावांना गुण आला. दुधीनं आला, गोळ्यांनी, चालण्यानं की म्हशीनं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. सुवर्णानं मात्र फोनवर उंदरांचं नाव पुढे केलं. एका तेरवीला ते उभे राहिले आणि आकाशगंगेपासून सुरू झाले. गोकुळनं ताकाचा गिलास पुढे केला, तो त्यांनी हातानं सारला. ताटं मांडलेली होती, वरण थंड होत होतं, आणि गाव हताशपणे एकमेकांकडे बघत होतं. पहिल्या रांगेत किसनरावांनी मशीन काढली, खुडबुड केली, पुन्हा घातली आणि हनुवटी वर केली.

थंडी सरता सरता किसनराव गेले. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकले आणि संपले.

बातमी आली तेव्हा गुलाबराव आंघोळ करत होते. त्यांनी पांढरा शर्ट घातला, दुपट्टा घेतला, पेनं खिशाला लावली. सकाळपासून घोटभरच पाणी प्यायले. रुखमाबाईंनी भाकरीचा तुकडा पुढे केला तर नको म्हणाले. दिलेला शब्द पाळायची वेळ आली होती आणि अंगात त्राण होतं. दुःख होतं, पण त्याच्या बाजूला एक तयारीही होती, हे कबूल करायला पाहिजे.

पुष्पांजलीनं अग्नी दिला. लाकडं पेटली. माणसं पायऱ्यांवर बसली, टोप्या काढल्या, मांड्या सैल केल्या. आज जिगरी दोस्त बोलणार म्हणजे उन्हं डोक्यावर येणार, हे सगळ्यांनी मनाशी धरलं होतं. गोकुळनं डोक्यावर आधीच रुमाल बांधून घेतला. सुवर्णा मुद्दाम कॉलेज बुडवून आली होती. निवेदन करणाऱ्यानं नाव पुकारलं.

गुलाबराव उठले तेवढ्यात पुष्पांजली त्यांच्याजवळ आली. रडून तिचा आवाज बसला होता. तिनं किसनरावांची ती कानातली मशीन त्यांच्या हातात ठेवली.

"काका, ही तुमच्याजवळ ठेवा. याच्यासंगचा सेल नवाच आहे. कालच आनाले लावला होता बाबानं."

"काल कायले?"

"उद्या शाळेत तुमचं भाषन होतं ना. तुमचं भाषन असलं की बाबा नवा सेल टाकत. जुना काढून, तिथंच बसून. जुन्यात तुमचा आवाज फाटते म्हने."

गुलाबराव माईकपर्यंत चालत गेले. समोर पहिल्या पायरीवर किसनरावांची जागा तेवढी रिकामी सोडलेली होती. पटांगण तयार होतं, सायकल तयार होती, सगळं ओठांवर होतं. पोटात कळ नव्हती. पाहिजे तेवढा वेळ होता.

"किसन ऐकत होता," ते म्हणाले.

लाकडं तडतडत होती.

"ऐकव म्हने मले. मी नाही ऐकवलं."

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पण त्यातून काही निघेना. त्यांनी टेबलाची कड धरली. ती कड धरलेली गावानं ओळखली. मागच्या उन्हाळ्यापासून सगळ्यांच्या ओळखीची होती ती.

"वाट द्या वो, वाट द्या," कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. "साहेबाइले जायचं आहे."

माणसं पटापट बाजूला सरकली. शेडच्या मागे जी बाभळ आहे, जिच्या आडोशाला ते नेहमी धावत, तिथपर्यंत मोकळी वाट झाली. सुवर्णा घाबरून पुढे आली. "मोठेबाबा, सकाळची गोळी घेतली नव्हती का?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नाही, तसं नाही, असं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण तेही त्यांना जमलं नाही. गावानं वाट करून दिली होती त्या वाटेनं ते गेले. बाभळीआड गावाकडे पाठ करून उभे राहिले, मशीन मुठीत धरली, आणि भाषणातलं सगळं, पटांगणापासून, तिथंच रडून घेतलं. फार वेळ लागला.

पायऱ्यांवर दोन मिनिटं मौन पाळून झालं. माणसं उठली, धोतरं झटकली, चपला शोधायला लागली. अजून ऊन डोक्यावरही आलं नव्हतं. गोकुळनं डोक्याचा रुमाल सोडला आणि बाभळीकडे पाहून हळूच सिंधूताईंच्या मुलाला म्हणाला, "आज तर कोनं भजेबी नव्हते देल्ले."